कराटे क्लास लावायचाय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सुट्टीतल्या शिबिरांबद्दल लिहिताना कराटेचा जाता जाता उल्लेख केला होता, खरं त्यावरच इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं जास्त आलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, कुणाच्या क्लासचं नावही ठेवलेलं नाही. मी स्वतः कराटेच्या शोतोकान शैलीची ब्राऊन बेल्ट आहे, तेव्हा माझं माप तिकडं जरा झुकणार हे धरूनच वाचा.

ताई, आमच्या गल्लीमागच्या समुदाय भवनात कराटे क्लास सुरू झालाय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ ची, दोघंही मागं लागलीत. कुठली स्टाईल चांगली ते कळेना. सर कन्नड बोलतात आणि आमची पोरं मराठी मीडियमची. त्यात शेजारच्या काकू म्हणतात पोरीला कशाला घालूलालीस, हातपाय मोडून घेईल. काय बघून घालायचं? – एक आई, अनगोळ

स्टाईलचं आधी उरकून घेऊ कारण निम्म्या पत्रांत तेच विचारलंय. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू आणि वाडो-र्यू या चार मोठ्या जपानी शैली. शोतोकानमध्ये पाय लांब टाकून खाली बसून उभारायचं आणि लांबून मारायचं, गोजूमध्ये जवळून, श्वासावर जोर, शितोमध्ये काता भरपूर, वाडोमध्ये वाराच्या वाटेतनं बाजूला सरकण्यावर भर. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली, त्यात ब्लॉक, पंच, किक सगळं येतं. आता खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं तुमच्या पोरांना यातला फरक कळणारही नाही आणि पडणारही नाही, घरापासनं चालत जाता येईल तिथं जो क्लास आहे तो कुठल्या स्टाईलचा आहे यापेक्षा शिकवणारा कसा आहे हे शंभरपट महत्त्वाचं. एकच अपवाद, क्योकुशिन. त्यात मोठ्यांच्या लढतीत अंगावर खरेखुरे फटके देतात-घेतात, तेव्हा तो क्लास असेल तर लहान मुलांना काय नियम आहेत ते आधी नीट विचारा.

लहान पोरांना झेपेल का? अहो, आज जे कराटे आपल्यापर्यंत आलंय ते शाळेतल्या पोरांसाठी सोपं करूनच आलंय. मूळचं हे ओकिनावा बेटाचं. तिथं १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इतोसू आंको नावाच्या गुरूंनी ते शाळेत शिकवायला घेतलं आणि जुन्या अवघड कातांवरनं पोरांसाठी पाच सोपे काता बांधले, शोतोकानवाले त्यांनाच आता हेयान म्हणतात आणि आजही बऱ्याच क्लासमध्ये सुरुवातीला तेच शिकवतात. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन, जन्म १८६८ चा, हे पेशानं शाळामास्तर. १९२२ मध्ये तोक्योला जाऊन प्रात्यक्षिक दाखवलं ते त्यांनीच, आणि मग ते जपानभर झालं. तेव्हा ९ वर्षांचा मुलगा आरामात करेल. ६ वर्षांच्या मुलीचं मात्र क्लासवर अवलंबून आहे, त्या वयाच्या पोरांना तासभर एका जागी उभं करून पंच मारायला लावणारे सर असतील तर ती पंधरा दिवसांत कंटाळून घरी बसणार, मध्ये मध्ये पळापळी, उड्या, खेळ घेणारे असतील तर घाला.

आणि काय बघायचं? फी भरायच्या आधी एक आख्खा तास जाऊन बसा, आधी न सांगता. सगळ्यात चांगलं कोण करतंय ते बघूच नका, त्याला सर पुढंच उभं करतात, पालक आले की जरा जास्तच पुढं. मागच्या रांगेत एक पोर असतंच बघा, ज्याला डावा-उजवा पाय कळत नाही, ड्रेस ढगळ, पट्टा सुटलेला. त्याच्याकडं बघत बसा. तासाभरात सर त्याच्याजवळ गेले का, पाय हातानं सरळ करून दाखवला का, का नुसतं लांबून ओरडले, का बाकीच्या पोरांना त्याच्यावर हसू दिलं. तुमचं पोर पहिले चार महिने त्याच जागेवर असणार आहे. माझ्या मते क्लासची सगळी परीक्षा तिथंच होते, भिंतीवरच्या ट्रॉफ्या आणि फोटो नंतर बघा.

बाकीचं पटापट सांगते. सरांच्या हातात छडी असेल आणि ती पोरांच्या पोटरीवर पडत असेल तर उठून या, 'शिस्त लागते' वगैरे काही ऐकू नका. जोडीनं मारामारीचा सराव, म्हणजे कुमिते, चालू असेल तर लहान पोरांच्या तोंडाला हात लागू देत नाहीत ना, ग्लोव्ह्ज आणि दातांचं गार्ड आहे का, थकलेल्या पोराला दुप्पट मोठ्याच्या समोर उभं करतात का ते बघा. पालकांनी कधीही येऊन बसलं तर चालतं का हे सरळ विचारा. 'पालक बसले की मुलांचं लक्ष जातं' म्हणून दार लावून घेणारा क्लास मला पटत नाही, एकवेळ खिडकीतनं बघू दे खरं दिसायला पाहिजे. मुलींना शिकवायला एखादी सीनियर मुलगी किंवा मॅडम आहे का तेपण बघा, कारण पाय-कंबर धरून सरळ करणं हे या विद्येत येतंच, ते सगळ्यांच्या समोर आणि सांगून झालं पाहिजे. आणि घरी पोरांना एवढं सांगून ठेवा की कुणी नको तिथं हात लावला तर सर असो का सीनियर, आईला सांगायचं. चाईल्डलाईनचा नंबर १०९८, तो त्यांना पाठ पाहिजे.

भाषेचं अजिबात मनावर घेऊ नका. क्लासमध्ये मोजणी इची, नी, सान, शी, गो अशी जपानीत चालते, तिथं मराठीवाला, कन्नडवाला, उर्दूवाला सगळे एकाच पातळीवर अडाणी. उरलेलं पोरं महिन्याभरात उचलतात, वर फुकटात कन्नड शिकतात ते वेगळं. काकूंना सांगा की हातपाय मोडायचंच म्हटलं तर आपल्या गल्लीतली गटारावरची फरशी पुरते, त्याला कराटे लागत नाही.

मुलाला क्लासला घालून सव्वा वर्ष झालं. दर तीन महिन्याला बेल्ट टेस्ट, तिची फी वेगळी, सर्टिफिकेटचे वेगळे, बेल्टचे वेगळे. आता सर म्हणतात १८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट करून देतो, गॅरंटी, फक्त 'स्पेशल बॅच'ची फी एकरकमी भरा. भरू का? आणि हे असंच असतं का सगळीकडं? – एक वडील, निपाणी

भरू नका. एवढं म्हणून पुढच्या प्रश्नाकडं जाता आलं असतं खरं तुमच्यासारखी पत्रं बरीच आहेत म्हणून जरा बैजवार लिहिते.

बेल्टची भानगड मुळात कराटेची नाहीच. कानो जिगोरो यांनी ज्युडोमध्ये दान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या, आणि काळा पट्टा ही पद्धत आणली, फुनाकोशींनी ती उचलली आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात, मोठ्या आकड्यापासनं खाली येत येत १ क्यू आणि मग १ दान. पांढरा, पिवळा, नारंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी असा साधारण रंगांचा क्रम, संस्थेप्रमाणं थोडा इकडं-तिकडं होतो. सुरुवातीच्या दोन-तीन टेस्ट तीन-चार महिन्यांच्या अंतरानं झाल्या तर त्यात काही वावगं नाही, पोरांना हुरूप राहतो, आणि टेस्ट घ्यायला बाहेरनं परीक्षक येत असतील तर फी लागणारच, सरांनापण घर आहे. खरं वर जाईल तसं अंतर वाढलं पाहिजे. ब्राऊन ते ब्लॅक हाच एक मोठा टप्पा असतो. आठवड्याला दोन-तीन दिवस नेमानं जाणाऱ्याला पांढऱ्यापासनं काळ्यापर्यंत चार-पाच वर्षं लागली तर ती रीतसर आहेत, चांगल्या अंगाच्या मोठ्या पोरानं तीनेक वर्षांत केलं तर समजू शकते. १८ महिन्यांत आणि तेही आधीच गॅरंटी? टेस्ट झालेलीच नाही आणि निकाल हातात, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच, फक्त इथं बाशिंगाचे पैसे नवऱ्याकडनं घेतलेत.

मुलाला खरंच काय येतंय हे तुम्हाला घरी बघता येतं, त्यासाठी तुम्हाला कराटे यायची गरज नाही. त्याला सांगा बाबा तुझा पहिला काता करून दाखव, शोतोकान असेल तर हेयान शोदान. तो क्लासमध्ये नेहमी ज्या भिंतीकडं तोंड करून करतो ती सोडून दुसऱ्याच दिशेला तोंड करून उभा करा. ज्याच्या अंगात उतरलाय तो कुठल्याही दिशेला करतो, ज्यानं पुढच्या पोराचं बघून केलाय तो दुसऱ्या वळणावरच अडकतो. मग विचारा हा हात खाली कशासाठी आणला? 'कुणीतरी किक मारली म्हणून' असं काहीतरी उत्तर आलं पाहिजे, चुकीचं आलं तरी चालेल, 'सरांनी सांगितलं म्हणून' एवढंच आलं तर सव्वा वर्षात नुसता रंग बदललाय. तिसरं, एखादा पोरगा टेस्टमध्ये कधी नापास झालाय का हे मुलालाच विचारा, पोरं खरं सांगतात. जिथं कुणीच कधी नापास होत नाही तिथं टेस्ट नसून ती पावती फाडणं आहे.

सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे तेही बघा. कराटेत संघटना उदंड आहेत आणि 'इंटरनॅशनल' हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही. शैलीच्या जुन्या संघटना असतात, जसं शोतोकानमध्ये १९४९ मध्ये स्थापन झालेली जपान कराटे असोसिएशन, आणि स्पर्धांसाठी जागतिक पातळीवर वर्ल्ड कराटे फेडरेशन. सरांना एवढंच विचारा की तुमच्या हाताखालचा ग्रेड दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये चालतो आणि उद्या आमची बदली हुबळीला किंवा पुण्याला झाली तर पोराला परत पांढऱ्यापासनं सुरू करावं लागेल का. सरळ उत्तर देणारे सर याचं सरळ उत्तर देतात. तुमचे स्वतःचे सर कोण, ते कुणाकडं शिकले, अजून टेस्ट देतात का, हेपण विचारा, कराटेत हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, उलट चांगले सर खूश होऊन तासभर सांगत बसतात.

आता मुलाला काढून टाकायचं का? पोरगं खूश असेल, क्लासला पळत जात असेल, मित्र झाले असतील तर भांडून काढू नका. सरांना शांतपणे सांगा की स्पेशल बॅच नको, नेहमीच्या बॅचला येऊ दे, टेस्ट वर्षाला एक दिली तरी आम्हाला चालतंय. यावर त्यांचं तोंड कसं होतं ते बघा, मग तुमचं तुम्हालाच कळेल. टेस्ट दिली नाही म्हणून पोराला मागं बसवायला लागले तर मात्र दुसरा क्लास बघायचा, निपाणीला नाही मिळाला तर कोल्हापूर काय लांब नाही, शनिवार-रविवारी जाता येतं.

वय ४३, बँकेत कामाला. मुलीला क्लासला सोडून बाहेर बाईकवर मोबाईल बघत बसतो. परवा सर म्हणाले, साहेब तुम्हीपण या की आत. मनात आहे खरं बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, आणि बारक्या पोरांच्यात उभारायची लाज वाटते. – एक वाचक, खानापूर

जा ओ आत. फुनाकोशी तोक्योला गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि तिथनं पुढं त्यांचं खरं काम सुरू झालं. अर्थात त्यांचा गुडघा तोवर चांगला घोटलेला होता आणि आपला बँकेच्या खुर्चीत गेलाय हे मान्य, तेव्हा जरा बेतानं.

बीपीचं आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि नुसतं 'व्यायाम चालेल का' असं नको कारण ते चालेल म्हणूनच सांगतात. दम लागेपर्यंत उड्या, पळणं, जोरात पंच असं असतंय हे स्पष्ट सांगा आणि गोळी कुठली आहे ती दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुद्दाम हळू ठेवलेली असते, मग कितीही धापा टाकल्या तरी घड्याळात ठोके वाढलेले दिसत नाहीत आणि माणूस समजतो अजून आपल्याला जमतंय. तुम्ही आकडा बघू नका, व्यायाम करता करता एक अख्खं वाक्य बोलता येतंय का एवढं बघा. दुसरं म्हणजे श्वास कोंडायचा नाही. नवीन माणूस पंच मारताना हमखास दात-ओठ खाऊन श्वास धरतो, त्यानं बीपी चढतो. मारताना श्वास बाहेर. ते किआय म्हणून ओरडतात त्यातही हेच आहे, ओरडताना श्वास कोंडता येत नाही. गोजूच्या क्लासमध्ये सानचिन नावाचा काता असतो, सगळं अंग ताठ करून जोरात श्वास काढायचा, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण ताकदीनं करू नका.

गुडघ्याचं जास्त महत्त्वाचं आहे आणि हे क्लासमध्ये बऱ्याचदा सांगितलं जात नाही, निदान मोठ्यांना तरी. कराटेत गुडघा जातो तो मार लागून कमी आणि मुरगळून जास्त. गोल फिरवून मारायची किक असते, मावाशी गेरी, त्यात ज्या पायावर उभारलोय त्याचं पाऊल चवड्यावर फिरून टाच समोरच्याकडं गेली पाहिजे. पाऊल जमिनीला चिकटलं आणि वरचं अंग फिरलं की मधला सगळा पीळ गुडघ्यात. म्हणून ती किक पहिले काही महिने कंबरेच्या खालीच मारा आणि पाऊल आधी फिरवा, मग पाय उचला. दुसरं, पुढचा गुडघा वाकवून लांब उभारायचं असतं तेव्हा गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत पाहिजे, आत ढासळायला लागला तर उभारणं आखूड करा. पोरं जमिनीला टेकतात तेवढं खाली बसायची तुम्हाला कुणी सक्ती केलेली नाही. सुरुवातीला आणि शेवटी गुडघ्यावर बसून नमस्कार असतो, दुखत असेल तर मांडी घालून बसतो म्हणून सांगा, कुणी काही म्हणत नाही. आणि फरशी बघा! आपल्याकडचे क्लास बहुतेक समुदाय भवनात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, खाली गुळगुळीत टाईल्स, पावसाळ्यात त्यावर ओल. मॅट नसेल तर उड्या मारायच्या नाहीत, पोरं मारतात मारू देत.

लाजेचं काय, पहिले आठ दिवस. क्लासमध्ये रांग बेल्टप्रमाणं लागते, त्यामुळं तुम्ही पांढरा पट्टा बांधून शेवटी आणि तुमची लेक तुमच्या पुढं. ती घरी तुमच्या चुका काढणार, स्वयंपाकघरात पंच करून दाखवणार, आईला नाव सांगणार. तेवढं सोसायची तयारी ठेवा. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की काऊंटरवरनं उठताना टेबलाला धरावं लागतं, ते साधं आहे, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचणारं दुखणं किंवा गुडघ्याला सूज आली तर ते साधं नाही, थांबायचं.

मी १५ वर्षांचा, तालमीत जातो. आमच्या शाळेत कराटेवाले सर आलेत, मला तेपण करायचंय. वस्ताद म्हणतात, लाल मातीतला गडी तू, हे हवेत हातपाय झाडायची नाटकं कशाला करूलालास. दोन्ही चालतंय काय? – कंग्राळीचा एक पैलवान

चालतंय, खरं वस्तादांना चोरून नको. त्यांचा राग कराटेवर कमी आणि तुझं लक्ष फुटेल याच्यावर जास्त असतोय बघ. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघताना कुठल्याही म्हाताऱ्या वस्तादाला विचार, ते हेच सांगतील की पैलवान बिघडतो तो दहा ठिकाणी जाऊन.

तुझ्याकडं आधीच काय आहे ते ऐक: मान, कंबर, पकड, आणि समोरचा अंगावर आला तरी न घाबरणं. शाळेतल्या कराटेच्या पोरांना यातलं काहीच नसतं. तुला जे मिळेल ते अंतर. कुस्तीत तू हात लागेल एवढ्या जवळच उभारतोस, कराटेत समोरच्याचा पाय पोहोचणार नाही एवढ्या लांब उभारून एका झपाट्यात आत जायचं आणि परत बाहेर. सुरुवातीला तुला हेच जड जाणार. तू सवयीनं एकेरी पटाला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायला, खाली वाकणार आणि तोंड किकच्या वाटेत देणार. स्पर्धेतल्या कराटेत धरून लोळवत बसता येत नाही, पाडलंस तर लगेच फटका दाखवावा लागतो तरच गुण. पंचला १, पोटावर किकला २, डोक्याला लागेल अशी किक किंवा पडलेल्यावर नेमका वार केला तर ३. तेही ताकदीनं फोडायचं नाही, आवरून मारायचं. पैलवानाला आवरणं शिकायला वेळ लागतो, तुझ्या जोडीदाराच्या नाकाची मला काळजी वाटते.

जत्रांच्या मैदानांचा सीझन असेल तेव्हा कराटे बाजूला ठेव, पावसाळ्यात मैदानं थंड असतात तेव्हा आठवड्याला दोन दिवस जा. एकाच दिवशी सकाळी जोर-बैठका आणि संध्याकाळी कराटे असं रोज करू नको, वाढतं अंग आहे, झोप पाहिजे. वजन उतरवायचे उपास तर अजिबात नकोत. आणि नखं काप. अंगावर नायटा आला असेल तर तो बरा होईपर्यंत दोन्हीकडं जायचं नाही, मातीतला मॅटवर आणि मॅटवरचा मातीत असा फिरत राहतो.

येळ्ळूरहून बेळगावला कॉलेजला येते. संध्याकाळच्या बसला गर्दी असते, त्रास देणारे असतात. तीन महिने कराटे शिकलं तर स्वतःला वाचवता येईल का, खरं खरं सांगा. – टी.वाय.ची विद्यार्थिनी

तीन महिन्यांत तू कुणाला लोळवणार नाहीस. जाहिरातीत सांगतात तसं काही होत नाही, आणि दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तर फोटोपलीकडं काहीच होत नाही. तरीपण जा, कारण तीन महिन्यांत दोन गोष्टी नक्की येतात. पहिली आवाज. आपल्या मुलींना पोटातनं ओरडायची सवयच नाही, क्लासमध्ये पहिल्या दिवशी किआयच्या जागी कुजबुज निघते, मग हळूहळू सुटतो. भरलेल्या बसमध्ये 'हात काढ!' एवढं त्या आवाजात निघालं तरी निम्मं काम होतं, सगळी बस वळून बघते आणि कंडक्टरलाही ऐकलं नाही म्हणता येत नाही. दुसरी म्हणजे अंगाला कुणाचा तरी हात लागला की आपण जे गोठतो ते कमी होतं, कारण क्लासमध्ये रोज कुणीतरी मनगट धरतंय, खांदा ओढतंय आणि तू सोडवतेयस. सोडवताना जोर अंगठ्याच्या बाजूला लावायचा, पकड तिथंच कच्ची असते. सरांना सांग की माझ्यापेक्षा जड जोडीदार द्या आणि त्याला खरंच घट्ट धरायला सांगा, मैत्रीण मैत्रिणीचं मनगट हळूच धरते त्याचा काही उपयोग नाही.

हात सुटला की थांबून मारायचं नाही, निघायचं, माणसं असतील तिकडं. चाकू दिसला, दोघं-तिघं असले तर पर्स-मोबाईल टाकून पळायचं, माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या ब्लॅक बेल्टवाल्याही हेच सांगतात. ११२ मोबाईलमध्ये वरच ठेव. रोज त्याच बसला तोच माणूस असेल तर घरी आणि कॉलेजमध्ये सांग, तक्रार कर, हे एकट्यानं कराटेनं निस्तरायचं प्रकरण नाही आणि तुझी चूक तर मुळीच नाही. कॉलेजमध्येच क्लास सुरू करता येईल का म्हणून चार मैत्रिणी मिळून अर्ज द्या. कर्नाटक सरकारची वसतिगृहातल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवायची ओबव्वाच्या नावाची योजना आहे, चित्रदुर्गच्या किल्ल्यात शिरणाऱ्या हैदरअलीच्या शिपायांना मुसळानं हाणणारी ती ओबव्वा. तू वसतिगृहात नसलीस तरी अर्जात तिचं नाव घाल, आपल्याकडं साहेब लोक अशा नावानं जरा लवकर हलतात.

आणि दोन छोटे प्रश्न

*कराटे ऑलिम्पिकमध्ये आहे ना? मुलगी चांगली खेळते, पुढं स्पोर्ट्स कोट्याचा विचार आहे. (शहापूर)* एकदाच होतं, तोक्योला, २०२० चं जे २०२१ मध्ये झालं. काता आणि कुमिते मिळून आठ सुवर्णपदकं होती, आपलं कुणी पात्र ठरलं नव्हतं. २०२४ च्या पॅरिसला काढलं, २०२८ च्या लॉस एंजेलिसलाही नाही. आशियाई खेळांत मात्र १९९४ पासनं आहे. कोट्याच्या आशेवर पैसे घालू नका. ज्या कॉलेजला किंवा खात्यात जायचंय त्यांच्या त्या वर्षीच्या नियमात कराटे आहे का आणि कुठल्या संघटनेचं सर्टिफिकेट चालतं ते त्यांच्याकडनंच लेखी घ्या, क्लासच्या सरांकडनं नको.

*ड्रेस लगेच घ्यायचा का? आणि बेल्ट धुवायचा नसतो म्हणतात ते खरं काय? (वडगाव)* पहिला महिना ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर काढा, पोर टिकतंय असं दिसलं की मग घ्या. साधा कॉटनचा, जरा मोठ्या मापाचा, धुतल्यावर आटतो. क्लासमधनंच घ्यायची सक्ती असेल तर बाहेरच्या दुकानातला भाव काढून मगच बोला. बेल्ट धुतला की मेहनत धुतली जाते अशी काहीतरी समजूत आहे, घामट वासानं शेजारचा पोरगा लांब सरकायला लागला की धुवा खुशाल, फक्त रंग जातो म्हणून वेगळा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ड्रेस वाळत नाही हा मोठा वैताग आहे, दमट ड्रेस तसाच घातला की जांघेत खाज उठते. एकच ड्रेस असेल तर पावसाळ्यात क्लासला टी-शर्टवर येऊ द्या म्हणून सरांना सांगून ठेवा, बेळगावचेच आहेत तर नाही म्हणणार नाहीत.